जर्मन व्याकरण आणि मराठी विद्यार्थी

बारामतीचें नांव निघालें कीं मराठी वाचकास प्रथम मोरोपंत आठवतात, आणि मोरोपंत आठवले कीं त्यांच्या आर्येचा अन्वय लावतां लावतां शाळेंत ज्या तासाला घाम फुटत असे तो तासहि आठवतो. कर्ता पहिल्या चरणांत, कर्म तिसऱ्यांत, मध्यें चार-पांच पदांचा एक लांबलचक समास, आणि क्रियापद कोठें तरी शेवटीं दडून बसलेलें. अशा वेळीं जुने शिक्षक एकच गोष्ट सांगत : आधीं क्रियापद शोधा, मग 'कोण' असें विचारा, मग 'काय' असें विचारा. पुढें मीं जर्मन भाषा शिकावयास घेतली तेव्हां हा उपदेश मला जितका उपयोगीं पडला तितकें दुसरें कांहींच पडलें नाहीं. बारामतीच्या कवीचा आणि जर्मन व्याकरणाचा असा संबंध जोडणें प्रथमदर्शनीं विक्षिप्तपणाचें वाटेल. परंतु मराठी माणसाचा जर्मन भाषेशीं परिचय कसा झाला याचा इतिहास पाहिला म्हणजे हा संबंध फार पूर्वींच कोणी कां जोडला नाहीं, याचेंच आश्चर्य वाटूं लागतें.

कऱ्हेच्या कांठीं मोरोपंत आपल्या आयुष्याच्या उतारावर आर्या रचीत होते त्याच सुमारास, म्हणजे १७९१ सालीं, गेओर्ग फॉर्स्टर या जर्मन गृहस्थानें कालिदासाच्या शाकुंतलाचें जर्मन भाषांतर प्रसिद्ध केलें. पंत १७९४ त वारले. त्यांच्या कानांवर ही वार्ता जाण्याचा संभवच नव्हता. फॉर्स्टरला संस्कृत येत नव्हतें. विल्यम जोन्सनें १७८९ त कलकत्त्यास छापलेलें इंग्रजी भाषांतर त्यानें पुढें ठेविलें होतें. गटेसारखा महाकवि ज्या शकुंतलेवर लुब्ध झाला ती शकुंतला जर्मनींत गेली ती अशी इंग्रजीच्या अंगणांतून. या गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधीत आहें. कारण पुढें शंभर वर्षांनीं जर्मन भाषा आमच्याकडे आली तीहि याच अंगणांतून आली, आणि त्या फेऱ्यांत आमचें कांहीं नुकसान झालें असें माझें मत आहे.

जर्मन लोक मात्र त्या अंगणांत फार काळ थांबले नाहींत. १८०८ सालीं फ्रीडरिख श्लेगेलनें भारतीयांची भाषा व तत्त्वज्ञान यांवर ग्रंथ लिहिला. १८१६ त फ्रान्झ बॉपनें संस्कृत धातुरूपांची ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मन धातुरूपांशीं तुलना केली. १८१८ त बॉन येथें संस्कृताचें अध्यापनपीठ स्थापन होऊन त्यावर ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेलची योजना झाली, आणि त्यानें १८२३ त भगवद्गीता देवनागरी टाइपांत छापून काढली. नंतर ब्यॉटलिंक व रोट यांचा सात खंडांचा प्रचंड संस्कृत-जर्मन कोश १८५५ पासून १८७५ पर्यंत सेंट पीटर्सबर्ग येथें छापून निघाला. आतां पुण्यांतील एखाद्या संस्कृतज्ञाची स्थिति काय झाली ती पाहा. वेदांतील एखाद्या शब्दाचा अर्थ, त्याचे सर्व प्रयोग व स्थळें यांसह पाहावयाचा तर जगांतील सर्वांत मोठा कोश त्याच्यापुढें होता. परंतु तो उघडावयाचा तर जर्मन यावयास पाहिजे! आपल्याच घरांतील भांड्यांची यादी शेजाऱ्याच्या भाषेंत लिहिलेली सांपडावी, तसा हा प्रकार होता. वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० त निघाला तेव्हां विद्यार्थ्यांची बरीच सोय झाली. संशोधकाची मात्र त्यानें भागली नाहीं, व १८९६ पासून वाकरनागेलचें संस्कृत व्याकरण जर्मन भाषेंत निघूं लागल्यावर तर ती मुळींच भागेना.

मध्यंतरीं खुद्द जर्मन पंडितच आमच्याकडे येऊन राहिले होते. मार्टिन हौग १८५९ पासून १८६६ पर्यंत पुण्यास होते, त्यांच्यामागून फ्रान्झ कीलहॉर्न १८८१ पर्यंत डेक्कन कॉलेजांत होते, आणि मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत गेओर्ग ब्यूलर १८६३ पासून शिकवूं लागले होते. कीलहॉर्ननीं नागोजीभट्टाच्या परिभाषेन्दुशेखराचें संपादन व इंग्रजी भाषांतर केलें, आणि पुढें पातंजल महाभाष्याची आवृत्ति काढली, तीं दोन्ही कामें मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत प्रसिद्ध झालीं. नागोजीभट्ट हा काशींत राहणारा, काळे आडनांवाचा महाराष्ट्रीय. त्याचा व्याकरणग्रंथ एका जर्मन माणसानें पुण्यांत शास्त्र्यांच्या परंपरेला धरून समजून घ्यावा व इंग्रजींत उतरावा, हा योग मोठा मौजेचा आहे. परंतु येथेंहि व्यवहार इंग्रजींतच झाला. हौग, कीलहॉर्न, ब्यूलर यांनीं आमचें व्याकरण शिकून घेतलें. त्यांच्या मायबोलीचें व्याकरण त्यांच्यापासून कोणी मराठींत लिहून घेतलें, असें दिसत नाहीं.

जर्मन आल्याशिवाय आतां गति नाहीं, हें आमच्या लोकांना हळूहळू पटत गेलें. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना १८८५ त ग्यॉटिंगेन विश्वविद्यालयानें सन्मान्य पदवी दिली, आणि दुसऱ्याच वर्षीं ते व्हिएन्ना येथील प्राच्यविद्यापरिषदेस गेले. लोकमान्य टिळकांचा अनुभव तर फारच बोलका आहे. ऋग्वेदकाल ठरविणारा त्यांचा 'ओरायन' हा ग्रंथ १८९३ त निघाला. त्याच वर्षीं बॉन येथील हर्मान याकोबी यांनींहि नक्षत्रांच्या पुराव्यावरून वेदकाल तसाच मागें नेणारा निबंध स्वतंत्रपणें लिहिला. एक पुण्यास, एक बॉनला. एकाचें लिखाण इंग्रजींत, दुसऱ्याचें जर्मनींत. एकास दुसऱ्याची वार्ता नाहीं. १८९४ त ब्यूलर यांनीं दोघांच्या मतांचा एकत्र विचार केला, तेव्हां सर्वांना हा योगायोग कळला. आपल्याच विषयावर, आपल्याच अनुमानाच्या जवळ येणारें लिखाण परभाषेंत छापलें जातें आणि आपणांस तें दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळतें, ही गोष्ट टिळकांसारख्या माणसाच्या मनाला लागल्याशिवाय कशी राहील?

१९०८ च्या जुलैंत त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली व मंडालेस नेण्यांत आलें. त्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिंवाळ्यांत गीतारहस्य लिहिलें गेलें हें सर्वांस ठाऊक आहे. पण पन्नाशी उलटलेला हा कैदी तेथेंच जर्मन, फ्रेंच व पाली या तीन भाषांचा अभ्यास करीत होता, हें त्या मानानें थोड्यांच्या ध्यानांत असतें. शिक्षक कोणी नाहीं, बोलावयास कोणी नाहीं, उच्चार कानांवर पडण्याचा प्रश्नच नाहीं. पुस्तक आणि आपण. भाषा शिकण्याची ही रीत आजच्या शिक्षणशास्त्र्यांना मुळींच मान्य होणार नाहीं. तरी तिच्यामागें एक निकड होती. रिखार्ट गार्बे यांनीं १९०५ त गीतेचें जर्मन भाषांतर काढून, मूळ गीतेंत वेदान्ताचा भाग मागाहून घुसडला गेला आहे, असें प्रतिपादन केलें होतें. गीतेचा कर्ता कोण, काळ कोणता, मूळ किती व भर किती, हे वाद युरोपांत चालले होते, आणि त्यांना उत्तर द्यावयाचें तर प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्याच शब्दांत वाचणें प्राप्त होतें. गीतारहस्याच्या परिशिष्टांत गीतेचें जें बहिरंगपरीक्षण आहे तें वाचतांना मागची ही निकड जाणवते.

यापुढील पिढी प्रत्यक्ष जर्मनींतच जाऊं लागली. पांडुरंग दामोदर गुणे यांनीं लाइपझिगला भाषाशास्त्राचें अध्ययन करून तेथील पदवी मिळविली. तुलनात्मक भाषाशास्त्रावरील त्यांचें इंग्रजी पुस्तक १९१८ त निघालें, आणि १९२२ त ते अकालींच वारले. विष्णु सीताराम सुखटणकर केंब्रिजला गणित शिकून बर्लिनला गेले व हाइनरिख ल्यूडर्स यांच्या हाताखालीं त्यांनीं शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला, तो जर्मन भाषेंत. पुढें १९२५ पासून १९४३ त मृत्यु येईपर्यंत भांडारकर संस्थेंतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा त्यांनीं वाहिली. शेंकडों हस्तलिखितांतून एक पाठ निश्चित करण्याची जी शिस्त त्यांनीं लावून दिली तिचें शिक्षण बर्लिनमधलें होतें. इरावती कर्वे १९२८ त बर्लिनला जाऊन १९३० त पदवी घेऊन परतल्या. यादी आणखी वाढवितां येईल, पण मला जें दाखवावयाचें आहे त्याला इतकी पुरे. हे सर्व विद्वान् जर्मन शिकले, उत्तम शिकले. पण शिकले तें इंग्रजांसाठीं लिहिलेल्या व्याकरणांतून. आणि इंग्रजांसाठीं लिहिलेलें जर्मन व्याकरण हें मराठी माणसाला नको तेथें भिवविणारें व हवें तेथें गप्प बसणारें असतें.

सर्वांत आधीं लिंगाची गोष्ट घेऊं. जर्मन भाषेंत प्रत्येक नामाला तीन लिंगांपैकीं एक लिंग असतें व तें नामापूर्वीं येणाऱ्या डेर, डी, डास या शब्दांनीं कळतें. इंग्रजी पुस्तक येथें विद्यार्थ्याचें सांत्वन करूं लागतें : याला कांहीं कारण नाहीं, पाठच करावें लागेल, धीर धरा. मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदी लेखकानें १८८० त जर्मन भाषेवर एक लांबलचक थट्टेचा लेखच लिहिला. मुलगी नपुंसकलिंगी आणि भाजीपाला मात्र स्त्रीलिंगी, हा त्यांतला त्याचा विशेष गाजलेला विनोद. इंग्रजी वाचक त्याला पोट धरून हंसतो. मराठी वाचकानें कां हंसावें? दगड 'तो', भिंत 'ती', घर 'तें'. असें कां, हें आम्हांला कोणी कधीं सांगितलें नाहीं व आम्ही कधीं विचारलेंहि नाहीं. हिंदींत नपुंसकलिंग उरलें नाहीं, बंगालींत व्याकरणिक लिंगच उरलें नाहीं. परंतु मराठी, कोंकणी आणि गुजराती या भाषांनीं संस्कृताचीं तीनहि लिंगें जपून ठेविलीं. डेर-डी-डास म्हणजे तो-ती-तें, एवढें एक वाक्य पुस्तकाच्या पहिल्या पानावर असतें तर मराठी मुलाची अर्धी भीति तेथेंच जाती.

आणि साम्य केवळ तीन या संख्येंत नाहीं. बारामती-इंदापूरच्या कोणत्याहि गोठ्यांत जाऊन पाहा. गाय 'ती', बैल 'तो', पण वासरूं 'तें'. मेंढीचें कोकरूं, शेळीचें करडूं, घोडीचें शिंगरूं, सर्वांचें तें पिल्लूं, आणि माणसाचें मूल, हीं सगळीं नपुंसकलिंगी. आतां जर्मन शब्द घ्या : वासरूं म्हणजे डास काल्ब, कोकरूं म्हणजे डास लाम, करडूं म्हणजे डास किट्स, शिंगरूं म्हणजे डास फोलन, मूल म्हणजे डास किंड. एकूणएक नपुंसकलिंगी. जें लहान, जें अजून पुरतें नर किंवा मादी म्हणून व्यवहारांत आलेलें नाहीं, तें 'तें', असा दोन्हीं भाषांचा कल आहे. मग जर्मन लोक कोणत्याहि नामाला 'शेन' किंवा 'लाइन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय लावून त्याला नपुंसक करतात, आणि मुलीला म्हणजे 'मेडशेन'ला 'डास' म्हणतात, यांत विचित्र तें काय? कोंकणांत व गोव्यांत मुलीला 'तें चेडूं' म्हणतात, तीच ही तऱ्हा. ट्वेनला मालवण दाखविलें असतें तर त्याचा विनोद कदाचित् सुचलाहि नसता.

जर्मनांची आणखी एक गोष्ट अशीच हंसण्यावारी नेली जाते. त्यांच्या जुन्या भाषेंत बायकोला 'डास वाइप' म्हणत, तेंहि नपुंसकलिंगी. आमचे आजोबा परक्यापुढें पत्नीचा उल्लेख 'आमचें कुटुंब' असा करीत, तें कोणत्या लिंगीं होतें? विशेष असें कीं दोन्हीं शब्दांचे दिवस फिरले. 'वाइप' आज तुच्छतेचा शब्द झाला असून सभ्य जर्मन माणूस 'फ्राउ' म्हणतो. आमचें 'कुटुंब' तितकें हिणावलें नाहीं, पण आतां थट्टेंतच ऐकूं येतें. जुन्या कादंबऱ्या वाचून भाषा शिकणाऱ्यानें असे शब्द उचलून बोलण्यांत घालूं नयेत.

धातूंकडे पाहावें तर तेंच. सोनें, तांबें, लोखंड, शिसें, कथील हीं मराठींत सगळीं 'तें', आणि त्यांचे जर्मन प्रतिशब्द गोल्ट, कुप्फर, आइझन, ब्लाय, त्सिन हे सगळे 'डास'. घर 'तें', हाउस 'डास'. पाणी 'तें', वासर 'डास'. अर्थात् मराठीच्या भरंवशावर डोळे मिटून चालूं नये. दूध त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, पोलाद पुल्लिंगी, आणि सूर्य, आमचा सहस्ररश्मि सूर्यनारायण, त्यांच्याकडे चक्क 'डी झोने' म्हणजे स्त्री ! हे अपवाद पाठ करावे लागतात. पण सगळेंच पाठ करणें वेगळें व अपवाद पाठ करणें वेगळें.

दुसरी गोष्ट चतुर्थीची. इंग्रज ज्या ठिकाणीं 'मी'ला कर्ता करून पुढें उभा करतो त्या ठिकाणीं मराठी माणूस नम्रपणें बाजूला होतो व 'मला' म्हणतो. मला थंडी वाजते, मला आवडतें, मला वाईट वाटतें. जर्मन माणूसहि तेंच करतो. 'मिर' म्हणजे मला. मला थंडी वाजते हें तो 'मिर इस्ट काल्ट' असें सांगतो, मला आवडतें हें 'एस गेफेल्ट मिर' असें, आणि दिलगिरी दाखवितांना 'एस टूट मिर लाइड' म्हणतो, म्हणजे जवळजवळ 'मला वाईट वाटतें'. इंग्रजीच्या वाटेनें जाणारा मराठी विद्यार्थी 'मला'चें आधीं इंग्रजी 'आय' करतो, आणि मग त्या 'आय'चें पुन्हां 'मिर' कसें झालें म्हणून कपाळाला हात लावतो. जो प्रयोग त्याच्या जिभेवर जन्मापासून होता तोच त्याला अपवाद म्हणून शिकविला जातो.

येथें एक खड्डाहि आहे. मराठींत द्वितीयेचे व चतुर्थीचे प्रत्यय एकच झाले आहेत. 'मी त्याला पाहतों' आणि 'मी त्याला पुस्तक देतों' यांत 'त्याला' दोन्हीं ठिकाणीं तेंच. जर्मन भाषेंत पहिल्या ठिकाणीं 'ईन' व दुसऱ्या ठिकाणीं 'ईम' म्हणावें लागतें. मराठी विद्यार्थी हमखास चुकतो तो येथें, आणि येथें त्याला आजीच्या घरीं, म्हणजे संस्कृताकडे, जावें लागतें. 'तम्' आणि 'तस्मै' यांतला भेद ज्यानें शब्दरूपावलींत एकदां घोकला आहे त्याला 'डेन' व 'डेम' यांतला भेद वेगळा शिकवावा लागत नाहीं. 'डेम'मधला म-कार व 'तस्मै'मधला म-कार हे एकाच कुळांतले आहेत, असें तुलनात्मक व्याकरण सांगतें.

आतां मोरोपंतांकडे परत येऊं. जर्मन गौणवाक्यांत क्रियापद शेवटीं जातें, हें इंग्रजी पुस्तकांतलें दुसरें मोठें संकट. 'कारण तो आजारी आहे' हें जर्मनांत 'वाइल एर क्रांक इस्ट' असें होतें. एर म्हणजे तो, क्रांक म्हणजे आजारी, इस्ट म्हणजे आहे. तो आजारी आहे ! शब्दामागें शब्द मराठीच आहे; इंग्रजी माणसाला मात्र तें उलटें करावें लागतें. जर्मन विद्वानांच्या गद्यांत अशीं गौणवाक्यें एकांत एक गुंतलेलीं असतात व क्रियापदें शेवटीं ओळीनें येऊन थांबतात. इंग्रजी वाचकाचा धीर सुटतो. आर्येचा अन्वय लावावयास शिकलेल्या माणसाला क्रियापदाची वाट पाहण्याची संवय असते.

जर्मन क्रियापदाच्या उपसर्गांचें असेंच आहे. 'आनकोमेन' म्हणजे येऊन पोंचणें. पण वाक्यांत 'गाडी नऊला पोंचते' म्हणतांना 'कोम्ट' हें क्रियापद दुसऱ्या स्थानीं येतें व त्याचा 'आन' हा उपसर्ग तुटून वाक्याच्या अगदीं टोंकाला जातो : 'डेर त्सूग कोम्ट उम नॉइन आन'. नवशिक्याला हें भयंकर वाटतें. पाणिनीला वाटलें नसतें. लौकिक संस्कृतांत उपसर्ग धातूला पुढून चिकटून येतो, परंतु वेदांत तो धातूच्या मागूनहि येतो व मध्यें इतर शब्द घालून दूरहि राहतो, असें त्यानें अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायांत सांगून ठेविलें आहे. समासाचेंहि तसेंच. जर्मन समासाचें लिंग शेवटच्या पदावरून ठरतें, हा नियम आज प्रत्येक प्राथमिक पुस्तकांत असतो. तत्पुरुष व द्वंद्व यांचें लिंग उत्तरपदाप्रमाणें, असा पाणिनीचा स्पष्ट आदेश आहे. युरोपांतील व्याकरणकार 'बहुव्रीहि' हा शब्द तर आहे तसाच वापरतात. 'डिककोप्फ', म्हणजे जाड डोकें, हा शब्द डोक्याविषयीं नसून तें ज्याचें आहे त्या हट्टी माणसाविषयीं आहे. पीतांबर म्हणजे पिवळें वस्त्र नव्हे, तसेंच हें. आणि साधे समास किती जवळचे ! हातमोजा म्हणजे 'हांटशू', हाताचा जोडा. रुग्णालय म्हणजे 'क्रांकनहाउस', आजाऱ्यांचें घर. क्षणाला ते 'आउगनब्लिक' म्हणतात, म्हणजे नेत्राची एक दृष्टि. आमचें निमिष पापणीच्या लवण्यावरून आलें. दूरदर्शनाला ते 'फेर्नझेन' म्हणतात : फेर्न म्हणजे दूर, झेन म्हणजे पाहणें.

शब्दांच्या निवडीविषयीं थोडें लिहिलें पाहिजे, कारण भाषा येणें व योग्य शब्द सुचणें यांत अंतर आहे. 'जाणणें' याला जर्मन भाषेंत दोन क्रियापदें आहेत. एखादी गोष्ट माहीत असणें तें 'विसन', आणि माणसाला किंवा स्थळाला ओळखणें तें 'केनन'. इंग्रजींत दोहोंना एकच शब्द असल्यामुळें इंग्रजी पुस्तकाला यावर एक स्वतंत्र धडा खर्चावा लागतो. मराठी माणूस 'मी त्याला माहीत आहे' आणि 'मी त्याला ओळखतों' यांत कधीं घोटाळा करतो काय? दोन्हीं शब्दांचें गोत्रहि आपल्या ओळखीचें आहे. 'विसन' हा 'विद्' धातूचा भाऊ, 'केनन' हा 'ज्ञा' धातूचा. 'मला माहीत आहे' याला जर्मनांत 'इख वाइस' म्हणतात, त्याचें रूप चमत्कारिक आहे, कारण तें मुळांत भूतकाळचें असून अर्थ वर्तमानाचा देतें. संस्कृत 'वेद' हें रूपहि अगदीं तसेंच.

परकी शब्द घ्यावे कीं स्वकीय घडवावे, हा आमचा जुना वाद जर्मनांतहि होऊन गेला. शिवछत्रपतींच्या काळीं राजव्यवहारकोशानें फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. विसाव्या शतकांत सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ केली. तिकडे हाइनरिख फॉन स्टेफान या टपालखात्याच्या अधिपतीनें शेंकडों फ्रेंच शब्द काढून जर्मन शब्द रूढ केले, आणि १८७७ त टेलिफोनला 'फेर्नश्प्रेशर' हें नांव दिलें. आमचा 'दूरध्वनि' त्याचाच चुलतभाऊ. दोन्हींकडे कचेरीच्या पाटीवर शुद्ध शब्द राहिला व घरांत दोन्हींकडे लोक फोनच करूं लागले. नव्या शिकाऱ्यानें म्हणूनच शब्द कोशांतून न उचलतां माणसांच्या तोंडून उचलावा.

हें सर्व लिहावयास एक तात्कालिक कारण आहे. जर्मन शिकणें हा आतां विद्वानांचा छंद उरलेला नाहीं. पुण्यांत रानडे इन्स्टिट्यूट व मॅक्स म्युलर भवन येथें पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी ही भाषा शिकत आले. ते बहुधा शहरांतले व इंग्रजी चांगलें येणारे. परंतु २०२४ सालीं महाराष्ट्र शासन व जर्मनींतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग हें राज्य यांच्यांत कुशल मनुष्यबळाविषयीं करार झाला, आणि परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक असे व्यवसाय करणारे तरुणहि या भाषेकडे वळूं लागले. बारामती-इंदापूरच्या एखाद्या ऊंस पिकविणाऱ्या घरांतली परिचारिका आज जर्मनीस जावयाचें मनांत आणते तेव्हां तिला सामान्यतः बी-दोन या पायरीपर्यंत भाषा यावी लागते. तिचें मराठी उत्तम असतें, इंग्रजी बेताचें. आणि पुस्तकें मात्र बहुधा इंग्रजींतून समजावणारीं. एक परकी भाषा दुसऱ्या परक्या भाषेंतून शिकावयाची, आणि नापास झाल्यास दोष स्वतःच्या बुद्धीला द्यावयाचा, ही तिची स्थिति आहे. टिळकांना मंडालेंत दुसरा इलाज नव्हता. हिला आहे. तिचा पहिला धडा गोठ्यांत होऊं द्या. वासरूं, करडूं, शिंगरूं हे तीन शब्द तिला डास काल्ब, डास किट्स, डास फोलन इतक्या सहज देऊन टाकतील, कीं तीन लिंगांचें भय बाळगावयास तिला सवड मिळणार नाहीं.

मात्र तिला मराठीचे खड्डेहि आधींच दाखवून ठेविले पाहिजेत. मुख्य वाक्यांत जर्मन क्रियापद शेवटीं न जातां दुसऱ्या जागीं बसतें. मराठी वळणानें तें शेवटीं ढकललें तर वाक्य बिघडतें. 'आपण' व 'आम्ही' यांतला जो भेद आपण पाळतों, म्हणजे ऐकणाऱ्याला धरून कीं सोडून, तो जर्मन 'वीर'मध्यें नाहीं. तेथें तो संदर्भानें ओळखावयाचा. आणि सर्वांत फसवी गोष्ट आदराची. 'तूं' आणि 'आपण' यांसारखा 'डू' आणि 'झी' हा भेद जर्मनांत आहे, व हें 'झी' मुळांत 'ते' या अर्थाचें अनेकवचनच आहे, म्हणून मराठी माणसाला तें लगेच पटतें. पण जर्मनांत हा आदर समोरच्या माणसापुरता. जो समोर नाहीं त्याला तो मिळत नाहीं. वडील माणसाविषयीं आपण 'ते आले' म्हणतों, तसें आपल्या मुख्य डॉक्टरांविषयीं 'झी झिंट गेकोमेन' असें कोणी म्हटलें, तर ऐकणारा जर्मन दाराकडे पाहील व विचारील, किती जण आले?